व्हिएन्नाची ट्राम-मेट्रो: आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांनी नक्की वाचा

आईचे गुडघे दुखतात म्हणून रोज टॅक्सी करावी लागणार असं धरूनच गेलो होतो, पण चार दिवसांत एकदाही टॅक्सीत बसलो नाही!

पास एकच काढायचा, तो मेट्रो (तिकडे यू-बान म्हणतात), ट्राम, बस आणि शहरातल्या लोकल, सगळ्यांना चालतो. स्टेशनवर गेट नाहीत, सरळ आत जायचं, पण कागदी तिकिटावर आधीच वेळ छापलेली नसेल तर पहिल्यांदा बसताना ते मशीनमध्ये पंच करायचंच, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड बसतो. चेकर साध्या कपड्यांत येतात, आमच्या डब्यातच एका जोडप्याला भरावा लागला, वाईट वाटलं.

मला सगळ्यात आवडली ती रिंगवरची (जुन्या शहराभोवतीच्या गोल रस्त्यावरची) ट्राम. 1857 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने जुना तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर हा रुंद रस्ता झाला, त्यामुळे आतलं जुनं शहर आटोपशीर आहे, स्टेफान्सप्लात्झला (मधल्या चौकातलं मेट्रो स्टेशन) उतरायचं आणि पायीच हिंडायचं, पाय दुखायला लागले की कुठल्याही बाजूला चालत सुटा, रिंग नाहीतर डॅन्यूबचा कालवा लागतोच आणि तिथे ट्राम मिळते. 2 नंबरमधून ऑपेरा, पार्लमेंट सगळं बसल्या बसल्या दिसलं, बाबा तर खिडकी सोडेनात. फक्त एकाच ट्रामने रिंगची अख्खी फेरी होत नाही, 2008 पासून रूट बदललेत, मध्ये 1 नंबरची ट्राम सोडून 2 नंबरची धरावी लागते.

आम्ही गेलो तेव्हा जुन्या ट्रामला उंच पायऱ्या होत्या, आईला एकदा फार त्रास झाला. मग कळलं की स्टॉपवरच्या बोर्डावर मिनिटांच्या बाजूला व्हीलचेअरचं चिन्ह असेल तर ती खालच्या फ्लोअरची, तेव्हापासून तेवढं बघूनच चढलो.

शॉनब्रुन राजवाड्याला यू4 ने (मेट्रोची 4 नंबरची लाइन) जा. त्याच यू4 ने उलट्या टोकाला हायलिगेनश्टाटला उतरून 38ए बस पकडली की काहलेनबर्ग डोंगरावर पोचता, पास तोच, वरून सगळं व्हिएन्ना आणि डॅन्यूब दिसते, हे अजिबात चुकवू नका.

शुक्रवार-शनिवारी मेट्रो रात्रभर असते.

एअरपोर्टवरून सिटी एअरपोर्ट ट्रेन 16 मिनिटांत आणते पण महाग आहे आणि शहराचा पास तिला चालत नाही, आम्ही एस7 लोकलने गेलो, दहाएक मिनिटं जास्त लागली. एअरपोर्ट शहराच्या झोनबाहेर आहे, तेवढ्या टप्प्याचं जादा तिकीट मात्र काढा.