तीन वर्षांचे पॉइंट आणि पाच जणांची कन्याकुमारी

जानेवारी 2025 मध्ये बँकेचा मेसेज आला, 'आपले 2,360 रिवॉर्ड पॉइंट लॅप्स झाले आहेत.' मी ऑफिसमध्ये हिशेबाचंच काम करते, दुसऱ्यांच्या वह्यांतला रुपया न रुपया जुळवते. आणि स्वतःच्या घरचे अकराशे-ऐंशी रुपये असेच गेले! त्या रात्री जेवणं झाल्यावर क्रेडिट कार्डाचं ॲप उघडून बसले. शिल्लक होते 64,180 पॉइंट. तीन वर्षांत किराणा, वीजबिल, मुलांची फी, औषधं, दिवाळीचे कपडे, सगळं या एका कार्डावर भरलं होतं. महिन्याला साधारण 45 हजार.

या कार्डाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बँकेचं नाव घेत नाही, कारण मला जे अनुभव आले ते थोड्याफार फरकाने कुठल्याही बँकेच्या कार्डावर येऊ शकतात. 'पॉइंटवर फॅमिली ट्रिप' असं जे जाहिरातीत दिसतं, ते आमच्यासारख्या डोंबिवलीतल्या पाच माणसांच्या घराला कितपत जमतं, ते आकड्यांसकट सांगते.

आधी कमाई. या कार्डावर दर शंभर रुपयांना 2 पॉइंट मिळतात आणि वर्षाचा खर्च 5 लाखांच्या वर गेला की 10,000 पॉइंट वरून मिळतात. आमची खरी शिल्लक या बोनसमुळेच वाढली. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं यावर काही मिळत नाही. वार्षिक फी 2,500 अधिक जीएसटी, पण 3 लाखांच्या वर खर्च झाला की माफ. या भागात माझी काही तक्रार नाही. पॉइंट दर महिन्याला वेळेवर जमा होतात.

बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरायचं, हे घरात पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पॉइंटमधून शंभराला एक रुपया सुटतो. थकलेल्या बिलावर बँक महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लावते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही त्यांनी पॉइंटच्या नादी लागूच नये, असं मी मैत्रिणींनाही सांगते.

आता पॉइंट वापरायचे कुठे? एकाच पॉइंटची किंमत जागेप्रमाणे बदलते, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. कॅटलॉगमध्ये एक प्रेशर कुकर होता, 9,800 पॉइंटला. तोच कुकर, तेच मॉडेल, आमच्या फडके रोडवरच्या दुकानात 1,900 रुपयांना मिळत होता. म्हणजे पॉइंटला वीस पैसेसुद्धा पडत नाहीत. बिलात वळते करून घेतले तर वीस पैसे. गिफ्ट व्हाउचरला पस्तीस. बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर विमान किंवा हॉटेल काढलं तर पन्नास पैसे. त्याच 9,800 पॉइंटमध्ये तिथे 4,900 रुपयांचं तिकीट निघतं.

विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे त्या कंपनीच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये, आपले पॉइंट वळवायचीही सोय आहे. ऑफिसातला एक सहकारी तेच करतो आणि एकटा सिंगापूरला जाऊन येतो. पण तिथे माइल्सवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात, कर रोख भरावा लागतो आणि एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. शाळेच्या सुट्टीत, एकाच विमानात पाच जागा, म्हटल्यावर मी तो विचार सोडला.

कुठे जायचं हे मात्र आधीच ठरल्यासारखं होतं. सासूबाईंचं माहेर कराडचं, वडील, म्हणजे त्यांचे दादा, प्राथमिक शिक्षक. कन्याकुमारीच्या समुद्रातल्या विवेकानंद शिलास्मारकासाठी देशभरातून एकेक रुपया गोळा होत होता तेव्हा आई बारा वर्षांच्या होत्या आणि वडिलांनी त्यांच्या हातून एक रुपया द्यायला लावला होता. स्मारक 1970 मध्ये पूर्ण झालं. ते काम ज्यांनी तडीस नेलं ते एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले, हेही मला आईंकडूनच कळलं. गेली कित्येक वर्षं त्या म्हणतात, "अगं, माझा एक रुपया आहे तिथे, एकदा बघून तरी येऊ दे." पुण्याहून कन्याकुमारीला थेट गाडी आहे, पण दीड दिवसाचा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नाही. म्हणून मुंबई ते तिरुवनंतपुरम विमान आणि पुढे साधारण नव्वद किलोमीटर टॅक्सी, असा बेत केला.

फेब्रुवारीत बुकिंगला बसले. तारीख 19 एप्रिल. जायची पाच तिकिटं पोर्टलवर 28,000 रुपयांना, विमान कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर त्याच विमानाची 26,750 ला. साडेबाराशे जास्त. शिवाय पूर्ण रक्कम पॉइंटने भरता येत नाही, सत्तर टक्क्यांपर्यंतच. म्हणजे 39,200 पॉइंट आणि वर 8,400 रुपये कार्डावर. पॉइंट वापरल्याबद्दल दर वेळी 99 रुपये आणि जीएसटी वेगळा. कन्याकुमारीत दोन रात्री, दोन खोल्या, 16,800 रुपये. त्यात 23,520 पॉइंट गेले. हॉटेलला फोन करून विचारलं तर तेवढंच 15,500 ला, नाश्ता धरून. एवढं सगळं वजा करूनही हातात बऱ्यापैकी बचत राहत होती, म्हणून पुढे गेले. परतीची तिकिटं पॉइंट संपल्यामुळे विमान कंपनीच्या ॲपवरून रोखीने काढली. ते किती बरं झालं, हे महिन्याभरात कळलं.

मार्चमध्ये शाळेच्या ग्रुपवर वेळापत्रक आलं. राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिल. लेक आठवीत, धाकटा पाचवीत. दोघांचेही शेवटचे पेपर पंचवीस तारखेला. दरवर्षी एप्रिलच्या मध्याला परीक्षा आटोपतात या हिशेबाने आम्ही एकोणीस तारीख धरली होती. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या आणखी दोन घरांनी गावाला जायची रेल्वेची तिकिटं रद्द केली.

परतीची, म्हणजे रोखीने काढलेली तिकिटं मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत पुढे ढकलली. माणशी 2,250 रुपये शुल्क आणि भाड्यातला फरक. चुटपुट लागली, पण काम झालं.

पॉइंटवरच्या तिकिटांचं तसं नाही. विमान कंपनीला फोन केला तर त्यांनी सांगितलं, "तुमचं बुकिंग एजंटकडून आलंय, बदल त्यांच्याकडूनच होईल." पोर्टलच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, पॉइंट वापरलेल्या तिकिटाची तारीख बदलत नाही. रद्द करा आणि नवीन काढा." रद्द करायचे माणशी 3,200, म्हणजे 16,000 रुपये. त्यांनी कापून घ्यायची पद्धत अशी की आधी रोख भरलेले 8,400 गेले आणि उरलेले 7,600 रुपये पॉइंटमधून, म्हणजे 15,200 पॉइंट. परत मिळणार 24,000 पॉइंट. हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं होतं, मी ते नंतर वाचलं. बुक करताना पडद्यावर फक्त 'रिफंडेबल' असा हिरवा शब्द होता. किती रिफंड आणि कशातून, हे पुढच्या तीन पानांवर. घर चालवणाऱ्या माणसाला हे पहिल्याच पानावर दिसायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बारा मार्चला तिकिटं रद्द केली. 'सात ते दहा कामाच्या दिवसांत पॉइंट जमा होतील.' झाले नाहीत. चार वेळा फोन केला, चारही वेळा नवीन तक्रार क्रमांक मिळाला. तोवर भाडी चढत होती, म्हणून 3 मेची जायची तिकिटं मी 32,000 रुपये रोख भरून काढून टाकली. पस्तिसाव्या दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. चारही तक्रार क्रमांक, तारखा, पडद्याचे फोटो, आणि शेवटी एवढंच की तीस दिवस उलटून गेले आहेत, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करणार आहे. सहाव्या दिवशी 24,000 पॉइंट जमा. ज्यांचं असं काही अडकलं असेल त्यांनी फोनवर वेळ घालवू नये. पहिल्या दिवसापासून लेखी मागावं, आणि बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येतं हे लक्षात ठेवावं. तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.

हॉटेलचं बुकिंग मात्र शुल्क न लावता पुढच्या तारखांना सरकलं. म्हणून आता मी पॉइंट हॉटेलवरच घालते, विमानावर नाही. हॉटेलला बहुतेक वेळा दोन दिवस आधीपर्यंत मोकळीक असते. विमानाला ती नसते, आणि मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या माणसांची तब्येत यात तारीख कधीही हलते.

विमानतळावर लाउंजचीही सोय आहे, पण ती कार्ड ज्याच्या नावावर त्यालाच. माझं एक, नवऱ्याचं जोडकार्ड एक, म्हणजे दोघं फुकट आणि आई आणि मुलांचे पैसे भरायचे. आम्ही गेलोच नाही. गेटजवळच्या खुर्च्यांवर बसून घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली.

कन्याकुमारीला दुपारी दोनला पोहोचलो तर हॉटेलच्या काउंटरवर माझ्या नावाचं बुकिंगच सापडेना. पोर्टलने ते आणखी कुठल्या तरी एजंटमार्फत केलेलं, त्यामुळे नोंद एजंटच्या नावावर. पंचवीस मिनिटं आई बॅगेवर बसून होत्या, पाय सुजलेले. मुलगा त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होता. शेवटी सापडलं. पॉइंटवर खोली घेतली असेल तर निघायच्या दोन दिवस आधी थेट हॉटेलला फोन करून त्यांचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागून घ्या. आणि पॉइंटवरची खोली दोघांची असते. तिसऱ्या माणसाच्या गादीचे दिवसाला हजार रुपये आम्ही तिथे रोख दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या काही बोटींतच नंबर लागला. बोट हलते म्हणून आईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वण उठला. शिलेवर उतरल्यावर मंडपाच्या पायऱ्या त्या एकेक करून चढल्या. आत विवेकानंदांच्या पुतळ्यासमोर काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन भिंतीच्या दगडावर तळहात ठेवला आणि नातवाला म्हणाल्या, "हा बघ. यातलाच एखादा असेल आमच्या दादांचा." तो लगेच विचारतो, "आजी, कोणता?" त्यांनी हातापासून जो सगळ्यात जवळ होता तो दाखवला.

तिथून तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत आता काचेचा पूल झालाय, डिसेंबर 2024 मध्ये खुला झाला. 77 मीटर लांब, काचेखाली फेसाळणारं पाणी. मी कडेने चालले. आई नातवाचा हात धरून मधोमध काचेवरून गेल्या, दोनदा थांबून खाली वाकून बघितलं.

परत मिळालेल्या चोवीस हजारातले 16,520 पॉइंट घालून शेवटची रात्र कोवळमला समुद्रकिनाऱ्यावर काढली. दोन खोल्या 11,800 रुपयांच्या, आमच्या खिशातून 3,540 गेले. रोखीने एवढ्या भाड्याची खोली आम्ही घेतली नसती, हे खरं आहे. मुलं अंधार पडेपर्यंत वाळूत होती.

सगळा हिशेब वहीत मांडला आहे. पॉइंटमुळे वाचले ते दोन हॉटेलांचे 20,020 रुपये. रद्द तिकिटांत गेले 8,400 रोख आणि 15,200 पॉइंट. कार्डाला मी पाचपैकी चार देईन, पोर्टलला दोन, आणि परताव्याच्या कारभाराला शून्य. कार्ड बंद केलेलं नाही. फ्रिजवर एक कागद लावलाय, त्यावर कुठल्या महिन्यात किती पॉइंट मुदतीबाहेर जाणार ते लिहिलंय, आणि दर महिन्याचं बिल भरलं की मी त्यावर खूण करते. परवा आईंनी त्या कागदासमोर उभं राहून चष्मा लावला, आकडे वाचले आणि विचारलं, "यात रामेश्वर बसतं का गं?"