शर्ट सोळा मिनिटांचा, वाट चार दिवसांची: एका लीन सल्लासेवेचे परीक्षण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे शालेय आणि कारखानी गणवेश शिवण्याचे छोटे युनिट आहे. शिलाईच्या एका लाइनवर २४ कारागीर, कटिंगला चौघे आणि फिनिशिंगला सहा जणी, असा आमचा पसारा. बहुतेक जणी सिडको, कामटवाडे आणि पाथर्डी फाट्याकडून येतात. गेल्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आम्ही नाशिकमधल्याच एका संस्थेकडून लीन उत्पादनपद्धती, म्हणजे साठा, वाट पाहणे आणि वाया जाणारे काम कमी करण्याची टोयोटाची पद्धत, राबवण्यासाठी सल्लासेवा घेतली. एका युनिटच्या अनुभवावरून कोणाची पत ठरू नये म्हणून संस्थेचे नाव देत नाही, पण कपड्याच्या धंद्यातल्या ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

करार सहा महिन्यांचा होता. आठवड्यातून एक दिवस भेट, पहिला महिना निरीक्षणाचा, पुढचे चार अंमलबजावणीचे, शेवटचा देखरेखीचा. शुल्क दीड लाख रुपये आणि वर कर, तीन हप्त्यांत. येणारे दोन्ही अभियंते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत उमेदवारी करून तयार झालेले होते. नाशिकमध्ये हे साहजिकच आहे, कारण सातपूर आणि अंबडमध्ये लीन हा शब्द वाहनउद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांनीच रुजवला. परिणामी पहिल्या दिवशीच्या सादरीकरणात प्रेसचे डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), इंजिनाचे भाग आणि रंगवलेल्या मोटारी एवढेच होते, आणि आमच्या बायका एकमेकींकडे पाहत बसल्या होत्या.

गंमत अशी की ही पद्धत मुळात सुताचीच आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, आणि त्याच मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला आकार देणारे ताइची ओनो १९३२ मध्ये टोयोडाच्या सूतगिरणी व विणकाम कंपनीत रुजू झाले होते; मोटार कंपनीत ते १९४३ मध्ये आले. दोष दिसताच यंत्राने थांबावे, हा विचार मागावर जन्मला आणि मग मोटारीत गेला. सल्लागारांनी एवढी एक गोष्ट सुरुवातीला सांगितली असती, तर आमच्या कारागिरांना हे शास्त्र परके वाटले नसते. मधल्या सुट्टीत ती मी सांगितली, तेव्हा माहेर मालेगावचे असलेली एक जण लगेच म्हणाली, "मॅडम, धागा तुटल्यावर माग थांबला नाही तर काय होतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको."

आता सेवेतला सर्वांत मोलाचा भाग. आमच्या अर्ध्या बाहीच्या शालेय शर्टाचे प्रमाणित काम सुमारे १६ मिनिटांचे आहे आणि त्यात २२ टप्पे आहेत. सल्लागार येण्यापूर्वी आम्ही ३० नगांचे बंडल बांधत होतो. प्रत्येक टप्प्यावर एक बंडल हातात आणि एक शेजारी वाट पाहत, असा हिशेब धरला तरी लाइनवर १,३२० शर्ट अर्धवट अवस्थेत पडलेले असत. दिवसाला ३६० शर्ट बाहेर पडत होते, म्हणजे आज लाइनवर चढवलेला शर्ट पावणेचार दिवसांनी उतरत होता. सोळा मिनिटांच्या कामासाठी पावणेचार दिवस. मी या धंद्यात १४ वर्षे आहे आणि हा भागाकार मी कधी केला नव्हता. तो त्यांनी दुसऱ्याच भेटीत, फरशीवर खडूने करून दाखवला. कारागिरांची कार्यक्षमताही त्याच दिवशी निघाली: २४ जणांची रोजची ४८० मिनिटे धरली तर ११,५२० मिनिटे होतात, त्यातली शर्टांत उतरलेली मिनिटे (३६० शर्ट, प्रत्येकी १६) ५,७६०, म्हणजे बरोबर निम्मी.

या साठलेल्या मालाचा खरा त्रास जागेचा नव्हता. कॉलरचे टोक पलटताना बिघडले, तर ते शेवटच्या तपासणीत, तीन-चार दिवसांनी कळे, आणि तोपर्यंत त्याच चुकीची हजारभर नगांची रांग मागे तयार झालेली असे. मग अल्टरच्या, म्हणजे दुरुस्तीला आलेल्या नगांच्या, ढिगाऱ्यापुढे दोन चांगल्या कारागिरांना दिवसभर उसवत बसवावे लागे. बंडल लहान केल्यावर तीच चूक त्याच दिवशी पकडली जाऊ लागली. जोडीला त्यांनी यंत्रागणिक रंगीत कार्डांची पद्धत लावली: तपासनीस लाइनवर फिरत प्रत्येक यंत्रावरचे काही नग पाहते आणि हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड टांगते, लाल कार्ड लागले की ते यंत्र थांबलेच पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात लाल कार्ड म्हणजे अपमान असे वाटून रुसवेफुगवे झाले, पण कारण बहुधा सुईचे, धाग्याच्या ताणाचे किंवा कटिंगच्या खुणेचे निघते हे दिसल्यावर कारागीर स्वतःहून कार्ड मागू लागल्या.

बंडल किती लहान करावे यावर मात्र आमचे मतभेद झाले. सल्लागारांचा आग्रह एकेका नगाने काम पुढे सरकवण्याचा होता. धातूच्या भागासाठी ते ठीक असेल. कापडात प्रत्येक थराला क्रमांक द्यावा लागतो, कारण एका शर्टाची पाठ एका थराची आणि बाही दुसऱ्या थराची लागली तर रंगाची छटा जुळत नाही. बंडल जितके लहान, तितकी कुपने, गाठी आणि उचलठेव जास्त. आम्ही १० नगांवर महिनाभर काम करून पाहिले, तेव्हा मदतनीस बायकांची दमछाक झाली. शेवटी १५ वर थांबलो. आता दिवसाला ४३० शर्ट निघतात आणि शर्ट साधारण दीड दिवसात लाइनवरून उतरतो. कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या जवळ आली आहे. अभियंत्यांच्या अंतिम अहवालात हा आकडा 'अपूर्ण उद्दिष्ट' या रकान्यात आहे, माझ्या हिशेबवहीत तो नफ्याच्या बाजूला आहे.

सेवेतली सर्वांत मोठी उणीव मजुरीच्या प्रश्नाबाबत होती. आमच्याकडे, नाशिकमधल्या बहुतेक छोट्या शिलाई युनिटांप्रमाणे, नगावर पैसे मिळतात. शेजारी बंडलांचा ढीग असणे म्हणजे वेगवान कारागिराला कमाईची हमी असते. ढीग गेला, की तिला मागच्या टप्प्याची वाट पाहावी लागते आणि तिची मजुरी घटते. बाही जोडणाऱ्या आमच्या सर्वांत तरबेज कारागिराने दुसऱ्या महिन्यात मला सरळ विचारले, "ताई, मागची थांबली म्हणून मी का रिकामं बसायचं? माझा हात चालतो म्हणून माझं घर चालतं." सल्लागारांकडे याचे उत्तर नव्हते. त्यांच्या कारखान्यांत मासिक पगार असतो, त्यामुळे साठा कमी करणे हा तिथे केवळ तांत्रिक निर्णय ठरतो; आमच्याकडे तो लोकांच्या ताटातला निर्णय होता. तोडगा आम्हीच काढला: प्रत्येकीला रोजची ठरावीक रक्कम, त्यावर संपूर्ण लाइनच्या उत्पादनावर समान बोनस, आणि तीनपेक्षा अधिक टप्पे येणाऱ्या कारागिराला वेगळा भत्ता. हे ठरवायला दोन महिने आणि तीन बैठका लागल्या. दरम्यान दोन चांगल्या कारागीर सोडून गेल्या. त्या गेल्या याचे खापर मी संस्थेवर पूर्णपणे फोडणार नाही, पण मजुरीची पद्धत काय, हा प्रश्न निरीक्षणाच्या महिन्यात एकदाही विचारला गेला नाही, ही गोष्ट गंभीर आहे.

त्या भत्त्यामुळे कौशल्यतक्त्याला मात्र अर्थ आला. कोणाला कोणते टप्पे येतात याचा भिंतीवरचा तक्ता ही सल्लागारांची कल्पना, आणि ती उत्तम आहे. द्राक्षकाढणीच्या दिवसांत आमच्या दोघी-तिघी दिंडोरीकडे घरच्या बागेत जातात. पूर्वी तेव्हा लाइन कोलमडत असे, यंदा तक्ता पाहून सकाळी दहा मिनिटांत माणसे फिरवता आली.

स्टाइल बदलण्याच्या कामातही असाच संमिश्र अनुभव आला. शालेय गणवेशात प्रत्येक शाळेचा खिसा वेगळा, कॉलरची पट्टी वेगळी, आणि मागणी कधी कधी २०० नगांचीच. शिगेओ शिंगो यांनी प्रेसचे डाय पटकन बदलण्यासाठी मांडलेला विचार, म्हणजे यंत्र थांबल्यावरच करता येणारी कामे आणि यंत्र चालू असताना उरकता येणारी कामे वेगळी करणे, सल्लागारांनी आमच्याकडे लावला. पुढच्या शाळेचा नमुना, धाग्याचे कोन, फोल्डर (शिवताना कापडाची घडी घालणारी जोडणी), दाबपट्ट्या आणि लेबले आदल्या दिवशीच एका ट्रॉलीवर तयार राहू लागली, त्यामुळे अर्धा दिवस खाणारा बदल दीड तासावर आला. परंतु शिलाईत डाय बदलला की काम संपत नाही. नव्या खिशावर हात बसायला वेळ लागतो. हा वेळ त्यांच्या तक्त्यात शून्य धरलेला होता, म्हणून बदलाच्या दिवसाचे त्यांचे उद्दिष्ट कधीच गाठले गेले नाही आणि कारागिरांवर विनाकारण ठपका आला. आता आम्ही पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट मुद्दाम कमी ठेवतो.

उभे राहून शिवण्याच्या प्रयोगाबद्दल थोडक्यातच लिहिते. जपानमध्ये टोयोटा समूहातल्या ऐसिन सेइकी कंपनीने १९७८ मध्ये यू आकारात मांडलेली, एकीने दोन-तीन यंत्रे चालवायची पद्धत विकसित केली, तिचा सल्लागारांना मोह होता. टेबले उंच केली, पेडल बदलले, पायाखाली मऊ चटया मात्र घातल्या नाहीत. ट्रॅक पँटसारख्या थोड्या टप्प्यांच्या कपड्यात ती मांडणी बरी चालली. शर्टात तीन आठवड्यांत गुडघे दुखू लागले आणि आम्ही खुर्च्या परत आणल्या.

कामाची जागा लावण्याचा, म्हणजे पाच 'एस'चा भाग सुरळीत झाला. कात्र्यांच्या जागा आखल्या, तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई न देण्याची नोंदवही आली, आणि माळ्यावरून तीन पोती जुन्या चेन आणि बटणे निघाली. बटणे, धागा व लेबलांसाठी दोन डब्यांची पद्धतही छान बसली: एक डबा संपला की त्यातले कार्ड स्टोअरमध्ये जाते आणि दुसरा वापरात येतो. कापडाला मात्र हीच पद्धत लावण्याचा त्यांचा सल्ला मी मानला नाही. आमचे सूटिंग भीलवाड्याहून आणि शर्टिंग इचलकरंजीहून येते. एका शाळेचे कापड एकाच लॉटचे असावे लागते, नाहीतर जूनमध्ये घेतलेला शर्ट आणि ऑगस्टमध्ये घेतलेला शर्ट प्रार्थनेच्या रांगेत वेगवेगळे दिसतात. थोडे-थोडे कापड मागवणे येथे बचतीचे नसून तक्रारींचे आमंत्रण आहे.

कापडाचाच विषय निघाला म्हणून माझी मुख्य तक्रार येथेच नोंदवते. कपड्याच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कापडाचा असतो, आणि तरीही सहा महिन्यांत सल्लागार कटिंग टेबलाजवळ जेमतेम दोनदा आले. थर अंथरताना दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर जास्तीचे सुटले, तर १०० थरांच्या एका लेमध्ये (एकावर एक अंथरलेल्या थरांच्या गठ्ठ्यात) चार मीटर कापड जाते, म्हणजे लहान मापाचे तीन शर्ट. ताग्यांची रुंदी मोजून त्यांचे गट पाडणे आणि रुंद ताग्यांसाठी वेगळा मार्कर, म्हणजे कापायचे तुकडे कापडावर बसवण्याचा आराखडा, करणे, एवढ्यानेच जे वाचते ते शिलाईतल्या सेकंदांच्या मोजणीने वाचत नाही. हे काम आमच्या जुन्या कटिंग मास्टरांनी एप्रिलमध्ये, सल्लागार गेल्यानंतर, स्वतःहून सुरू केले. लाइनवर ढीग उरला नाही म्हणून कटिंगची घाई संपली आणि त्यांना मोजायला वेळ मिळाला, एवढे श्रेय मात्र सेवेला द्यावे लागेल.

शुल्काबाबत एक महत्त्वाची गोष्ट. केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात सुरू झाली असून तीत प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन स्तर आहेत, आणि सल्ला व अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. मला हे करारावर सही झाल्यानंतर, एका उद्योजक मैत्रिणीकडून कळले. संस्थेने ते सांगितले नव्हते. विचारल्यावर "त्यात कागदपत्रे फार" असे उत्तर मिळाले. कागदपत्रे करायची की नाहीत, हे ठरवण्याची संधी ग्राहकाला मिळायला हवी होती.

मे महिन्यातल्या हंगामात या सगळ्याची परीक्षा झाली. शाळा उघडण्यापूर्वी दरवर्षी आम्ही रात्री नऊपर्यंत थांबत असू; यंदा चारच दिवस थांबावे लागले आणि एकाही शाळेचा माल १५ जूननंतर गेला नाही. पाचपैकी मी या सेवेला साडेतीन गुण देईन. फिनिशिंग विभागात धागे कापणे, इस्त्री आणि घडीपाशी अजूनही माल तुंबतो, म्हणून दिवाळीनंतर त्याच संस्थेला तीन महिन्यांसाठी पुन्हा बोलावले आहे. या वेळी करारात तीन अटी लिहून घेतल्या आहेत: येणाऱ्या दोघांपैकी एकाने शिलाई युनिटमध्ये काम केलेले असावे, मजुरीवर होणारा परिणाम आधी मांडला जावा, आणि पहिली भेट कटिंग टेबलापासून सुरू व्हावी.