साठ सीसीचं एक्स्ट्रा, आठ महिन्यांनंतर

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानाचा खोका उघडला तेव्हा सगळं जवळपास तयारच दिसत होतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा जोडलेला, वर प्लास्टिकची फिल्म चढवलेली. म्हटलं, दोन रविवारांत विमान हवेत. लागले सहा आठवडे. आता आठ महिने झालेत आणि वहीत ९४ उड्डाणांची नोंद आहे, म्हणून लिहायला बसलो.

विमान म्हणजे रचनाकार वॉल्टर एक्स्ट्रा यांच्या एक्स्ट्रा ३३० एससी या कसरतींच्या खऱ्या विमानाची प्रतिकृती. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २.२ मीटर, ६० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, २३ बाय ८ इंची प्रोपेलर. टाकी रिकामी असताना वजन साडेसात किलोच्या आसपास. म्हणजे पडलं तर नुसतं विमानाचंच नुकसान होईल असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवावं लागतं. ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करणारा किल स्विच आणि सिग्नल तुटला की थ्रॉटल खाली आणणारं फेलसेफ, हे दोन्ही तपासल्याशिवाय मी प्रोपेलरला हात लावत नाही. आणि शेपटी धरायला कुणी नसेल तर इंजिन सुरूच करत नाही.

जोडणीतला निम्मा वेळ एलेव्हेटरने, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पात्याने खाल्ला. त्याचे दोन भाग, प्रत्येकाला हलवणारी वेगळी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो. एका सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा हात) काटकोनात बसेना, तेव्हा मी आळस केला आणि सब-ट्रिम देऊन, म्हणजे ट्रान्समीटरमधून मध्यबिंदू सरकवून, तो ओढून घेतला. स्टिक मधोमध असताना दोन्ही भाग एका रेषेत. छान! पण लूपच्या, म्हणजे उभ्या गोल फेरीच्या, माथ्यावर विमान दर वेळी हळूच डावीकडे कलायचं आणि मी वाऱ्याला शिव्या घालायचो. शेवटी कोनमापक लावून पाहिलं तर पूर्ण स्टिकला एक भाग दुसऱ्यापेक्षा चार अंश जास्त उठत होता. सब-ट्रिम काढून टाकला, हॉर्न एक दात फिरवून बसवला, उरलेला फरक पुशरॉडच्या (सर्व्हो आणि पात्याला जोडणाऱ्या दांडीच्या) अर्ध्या आट्यात मिटवला. आता पाव, अर्ध्या आणि पूर्ण स्टिकला दोन्ही भाग सोबत उठतात. लूप सरळ होतो. वारा तोच आहे.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधतो तो बिंदू, पुस्तिकेतल्या पुढच्या खुणेवर ठेवून सुरुवात केली, ते बरं झालं. नंतर ४५ अंशांच्या चढावर विमान उलटं करायचं, स्टिक सोडायची आणि नाक कुठे जातंय ते बघायचं. माझं धाडकन जमिनीकडे यायचं. रिसीव्हरच्या बॅटऱ्या इंजिनमागून पंखाच्या नळीजवळ सरकवल्या, तसं नाक सावकाश कलू लागलं. याहून मागे नेलं तर हॅरिअर (नाक उंच ठेवून सावकाश उडणं) आणखी सोपा होईल, पण लँडिंगला नाक सतत सांभाळत बसायची माझी तयारी नाही.

आता इंजिनची गोष्ट. चौथ्या महिन्यात लँडिंगला चाक गवतात अडकलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. प्रोपेलर तुटला, तो बदलला, बाकी काही झालं नाही म्हणून खूश. पुढच्या उड्डाणांत सरळ जाताना इंजिन गोड चालायचं, पण अर्धी टाकी संपली की उभ्या चढावर खोकायचं. तीन रविवार मी हाय निडल (जास्त वेगाला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) कधी उघडतोय, कधी बंद करतोय. एकदा तर हॉवरमध्ये, म्हणजे नाक वर करून जागीच लटकताना, बंदच पडलं, उंची होती म्हणून वाचलं. मैदानावरचे एक काका शांतपणे म्हणाले, "अरे, टाकी उघडून बघितलीस का?" उघडली. आतली क्लंक, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाचं वजन, नाकावर आपटताना पुढे उडाली होती, तिची नळी दुमडून टाकीच्या तोंडाशीच अडकली होती. विमान उभं झालं की पेट्रोल मागे आणि क्लंक पुढे, मग हवाच ओढणार! नळी थोडी आखूड केली, आता ती उलटी वळूच शकत नाही. निडल मात्र मूळ जागी आणायला आणखी एक रविवार गेला.

तक्रारी आहेतच. उन्हात फिल्मला सुरकुत्या पडतात, दर महिन्याला इस्त्री फिरवावी लागते. चाकांवरची फायबरची आवरणं दुसऱ्याच महिन्यात तडकली, मी ती काढूनच टाकली. कंपनाने मफलरचा एक बोल्ट हवेत कुठेतरी पडला, तेव्हापासून धातूत बसणाऱ्या प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) आणि दर पाच उड्डाणांनी पाना.

उडायला? घेतलं होतं थ्री-डीसाठी, म्हणजे अगदी कमी वेगातल्या कसरतींसाठी. एलेव्हेटर ४५ अंश, एक्स्पो (स्टिक मध्याजवळ सौम्य करणारी सेटिंग) ६० टक्के, हे सगळं स्विचवर आहे. टॉर्क रोलही (नाक वर करून लटकताना स्वतःभोवती फिरणं) जमतो, दोन फेऱ्या, तिसरीला घाबरून थ्रॉटल देतो. पण अलीकडे बहुतेक वेळ लो रेटवरच, म्हणजे पात्यांची हालचाल कमी ठेवणाऱ्या सेटिंगवरच असतो. नाइफ-एजला (पंख उभे ठेवून सरळ उडताना) विमान पोटाकडे ओढायचं, तिथे रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्याला, थोडं एलेव्हेटर मिक्स केलं आणि ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेसारखं जायला लागलं. लहान विमानात हे मला कधीच साधलं नव्हतं.

सध्या रडरच्या पुल-पुल केबल (त्याला दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या तारा) सैल झाल्यात, नव्या तारा सुरुवातीला ताणतातच. त्या घट्ट होईपर्यंत विमान जमिनीवर.