बंदुकीचा दस्ता वाकवायचा, लांबी बदलायची की नवाच घडवायचा?

कोल्हापूरच्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या दुनळ्या बारा बोअर बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. वारसाने बंदूक नावावर होते, पण दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा लाकडी भाग, राहतो आजोबांच्या मापाचा. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. तसल्या रायफलीचा दस्ता आणि गालाचा आधार स्क्रूवर पुढेमागे, वरखाली होतो. दुनळीला ती सोय नाही.

माझं मत आधीच सांगतो : लाकूड शाबूत असेल तर नव्या दस्त्याच्या मागे लागू नका.

पहिल्यांदा लांबी बघा. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नाक आणि मुठीचा अंगठा यांत दोन-अडीच बोटं अंतर हवं. नाक अंगठ्याला टेकत असेल तर दस्ता आखूड आहे, वर घेताना काखेत अडकत असेल तर लांब. आखूड दस्त्याला रबरी पॅड लावला की भागतं. हे सगळ्यात स्वस्त काम. कापायची मात्र घाई नको, कापलेलं लाकूड परत येत नाही.

उंचीचं आणि बाजूच्या कलाचं, म्हणजे दस्ता डावी-उजवीकडे झुकण्याचं, दुखणं पॅडने जात नाही. दुनळीसारख्या छऱ्याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, नसते, ते काम तुमचा डोळा करतो, आणि तो कुठे बसेल हे दस्त्याची वरची कड ठरवते. कड उंच असली की मार वर जातो. परवानगीच्या रेंजवर १६ यार्डांवरून कागदावर मारून बघा. मार जितके इंच सरकलेला, तितके सोळांश इंच दस्त्यात बदल, असा कारागिरांचा जुना हिशेब आहे. हा बदल वाकवून होतो : मुठीजवळच्या बारीक जागेला गरम जवसाचं तेल किंवा दिव्याची आच देतात आणि शिकंज्यात हळूहळू वळवतात. सरळ रेषेचा अक्रोड हे सोसतो. तिथे जुनी चीर असेल तर लाकूड तुटेल. थोडा वाक कधीकधी परत जातो, म्हणून काही आठवड्यांनी माप पुन्हा घ्या. बहुतेक दुनळ्यांसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

नवा दस्ता घ्यायचा तो जुना तडकला, किडला किंवा डावखुऱ्याला कल फारच उलटा पडत असेल तर. यात खरं कसब लोखंड लाकडात बसवण्याचं. कारागीर लोखंडाला काजळी लावून ते लाकडात दाबतो, काळा डाग उठेल तिथेच पटाशीने तासतो, पुन्हा दाबतो. असं अनेकदा. फट राहिली तर धक्का एकाच जागी बसून लाकूड चिरतं. शिसवाचा दस्ता मजबूत, पण अक्रोडापेक्षा जड, त्यामुळे तोलाचा अंदाज आधी घ्या.

कुठलाही मार्ग निवडा, बंदूक ओळखीच्या सुताराकडे सोडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडे मात्र रोजच्या शर्टात जा, जाड जर्किनवर घेतलेली लांबी एरवी आखूड पडते.