घरी बांधलेल्या पाणबुडीसाठी डिझेल, शिसं की लिथियम?

आपल्याकडे इंजिन म्हटलं की शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन डोळ्यांसमोर येतं. स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारं, वर्षानुवर्षं चालणारं. पाणबुडी बांधायला घेतलेला माणूस आधी त्याचाच विचार करतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सगळे पर्याय एकाच बोटीवर तपासू: एक माणूस, आत दोन घनमीटर हवा, जास्तीत जास्त १० मीटर खोली आणि दोन नॉट वेग, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतका. एवढ्याला माझ्या हिशेबाने अर्धा किलोवॅट पुरतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, त्यामुळे वेगाचा हट्ट आधीच सोडा.

डिझेल आणि पेट्रोल

एक लिटर क्षमतेचं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन १५०० फेऱ्यांवर मिनिटाला ७५० वेळा हवा ओढतं. म्हणजे पाऊण घनमीटर. आपल्या बोटीतली सगळी हवा तीन मिनिटांत त्याच्या पोटात जाईल. भार कमी ठेवला तरी सुटका नाही, कारण डिझेल इंजिनात इंधन कमी करता येतं, हवा तेवढीच ओढली जाते. वर नळी काढून हवा घेऊ म्हणाल, तर लाट आली की नळीची झडप मिटते आणि इंजिन तुमच्या श्वासाची हवा ओढू लागतं. मोठ्या नौदलांच्या पाणबुड्यांनाही हा त्रास होतो, पण त्यांच्याकडे हवा भरपूर असते. आपल्याकडे नसते.

पेट्रोल याहून वाईट. जॉन हॉलंडच्या १८९७ च्या पाणबुडीत पाण्यावर चालायला पेट्रोल इंजिन आणि पाण्याखाली बॅटरी होती. ब्रिटिशांनी तीच वाट धरली आणि १९०५ मध्ये आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला 'ए-५' या पाणबुडीत इंधन भरल्यानंतर वाफांचा स्फोट होऊन माणसं गेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेटते. जनरेटर हवाच असेल तर तो सोबतच्या होडीत ठेवा.

पायडल

१८६४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात 'हनली' ही पाणबुडी हातांनी दांडा फिरवून चालवली गेली, तिने 'हाउसाटोनिक' हे जहाज बुडवलं आणि स्वतःही परतली नाही. हवाबंद बोटीत अडचण श्वासाची आहे. जोर लावून पायडल मारणारा माणूस मिनिटाला सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन घनमीटर हवेत तो तीन टक्क्यांवर जायला चाळीस मिनिटं लागतात, आणि तिथे डोकं जड होऊ लागतं. शांत बसलेल्या माणसाला त्याच हवेत तीन तास मिळतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या पायडल-पाणबुड्यांच्या शर्यती होतात, पण त्यांच्या बोटी पाण्याने भरलेल्या असतात आणि चालक स्कूबाच्या नळकांड्यातून श्वास घेतो. तो वेगळा खेळ आहे.

शिसं की लिथियम

खरी निवड इथे आहे. दोन्हींत २४ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांचा संच धरू, म्हणजे ३.६ किलोवॅट-तास. शिशाची बॅटरी अर्धीच वापरावी, तरीही साडेतीन तास मिळतात.

शिशाचा हा संच शंभर किलोच्या आसपास भरतो, लिथियम आयर्न फॉस्फेटचा (लिथियम बॅटरीचा एक प्रकार, पुढे नुसतं लिथियम फॉस्फेट) पस्तीसच्या आसपास. गाडीत हा फरक निर्णायक ठरला असता. पाणबुडीत नाही. दोन घनमीटर समुद्राचं पाणी बाजूला सारणारी बोट बुडायला तिचं एकूण वजन दोन टनांवर न्यावंच लागतं. लिथियमने वाचवलेले ६५ किलो तुम्हाला शिशाच्या लाद्या ठेवून परत भरावे लागतील. मग बॅटरीच जड आणि तळाशी असलेली काय वाईट? म्हणूनच 'ॲल्व्हिन' ही १९६४ ची प्रसिद्ध संशोधन पाणबुडीसुद्धा वर्षानुवर्षं शिशाच्या बॅटऱ्यांवर चालली.

पण शिसं निरुपद्रवी नाही. जास्त चार्ज झालं की हायड्रोजन सुटतो, प्रत्येक सेलमागे दर अँपिअर-तासाला जवळपास अर्धा लिटर. २४ व्होल्टच्या संचात १२ सेल असतात. चार्जर पाच अँपिअरवर तीन तास विसरला गेला तर ८० लिटर हायड्रोजन, म्हणजे आपल्या बोटीच्या हवेत चार टक्के. तेवढ्यावर तो पेटतो. २०१० मध्ये विशाखापट्टणमला आपल्या नौदलाच्या 'सिंधुरक्षक' पाणबुडीच्या बॅटरी कक्षात आग लागून एक नौसैनिक गेला, तेव्हाही कारण हायड्रोजनच सांगितलं गेलं. शिवाय खारं पाणी बॅटरीत गेलं की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी तर घेऊच नका, बोट कलली की ॲसिड सांडतं. सीलबंद एजीएम घ्या, म्हणजे जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं ती. तीही जास्त चार्ज झाली तर वायू सोडते, एवढं लक्षात ठेवा.

लिथियमचा धोका कमी वेळा येतो, पण आला की आवरत नाही. २००८ मध्ये पर्ल हार्बरला अमेरिकन नौदलाच्या छोट्या पाणबुडीला चार्जिंग चालू असताना आग लागली, आणि पुढच्या वर्षी तो प्रकल्पच बंद झाला. लिथियम फॉस्फेट विजेच्या स्कूटरमधल्या इतर लिथियम पॅकपेक्षा बरंच शांत असतं, तरी सेल फुटलाच तर विषारी आणि ज्वलनशील वायू निघतो. दुसरी गोष्ट, त्याचं नियंत्रक सर्किट बिघाड दिसताच वीज तोडतं. रस्त्यावर ते वरदान असतं, पाण्याखाली अचानक मोटर गेली तर नाही. बोट फारच लहान असेल आणि जागाच नसेल, तरच मी लिथियम घेईन. जुन्या स्कूटरचा पॅक फुकट मिळाला तरी नको.

दोन्हींपैकी काहीही घ्या, माणसाच्या कवचात ठेवू नका. पोटाखाली दोन वेगळ्या हवाबंद नळकांड्या, प्रत्येकीत एक बॅटरी, प्रत्येकीला वायू बाहेर सोडणारी झडप आणि टर्मिनललगत फ्यूज. चार्जिंग नळकांड्या उघडून, मोकळ्या हवेत. १९१५ मध्ये होनोलुलूजवळ बुडालेल्या अमेरिकन 'एफ-४' पाणबुडीत बॅटरीच्या टाकीचं शिशाचं अस्तर गंजून पाणी आत शिरलं होतं, २१ माणसं गेली.

मोटर दोन घ्या, दोन्ही बाहेर. मासेमारीच्या होडीची छोटी विजेची मोटर चालते, पण तिचं सील उथळ पाण्यासाठी असतं. आत तेल भरून दाब सारखा केला तर १० मीटरवर टिकते. आत मोटर ठेवणं भागच असेल तर ब्रशवाली नको, तिची ठिणगी आणि हायड्रोजन एका जागी नकोत.

वर येणं मात्र मोटरवर सोपवू नका. १० मीटरवर अर्ध्या मीटर व्यासाच्या झाकणावर जवळपास दोन टनांचा भार असतो, ते आतून उघडत नाही. बोटीत वजन भरावंच लागणार आहे, तर त्यातलं निदान ६०-७० किलो आतून हाताने दांडा फिरवून सोडता येईल असं बसवा, आणि पहिली बुडी माणसाशिवाय, दोर बांधून घ्या.