तहसीलसमोरचं ऑनलाइन सेंटर: एम.एड.चा फॉर्म इथे भरावा का?

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर चार-पाच ऑनलाइन सेंटरं ओळीनं दिसतात. पीक विमा, पी.एम. किसानची केवायसी, सातबारा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट, सगळं एकाच टेबलावर. हिवाळ्यात त्यात सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षांच्या, फॉर्मची भर पडते. हे परीक्षण यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका सेंटरचं आहे. नाव घेत नाही, कारण शेजारचं दुकानही फारसं वेगळं नाही. इथे फक्त एक काम तपासलं आहे: बी.एड. झालेल्या किंवा साधी पदवी असलेल्या माणसाला शिक्षणशास्त्रात पुढे, म्हणजे एम.एड. किंवा एम.ए. एज्युकेशन, शिकायचं असेल, तर त्याचा अर्ज इथून नीट जातो का?

थोडक्यात निकाल असा: टायपिंग, स्कॅनिंग आणि पैसे भरणं यात पैकीच्या पैकी, सल्ल्यात नापास. आणि गोम अशी की सल्ला फुकट मिळतो, म्हणून लोक तोच जास्त घेतात.

आधी चांगलं सांगतो. चालवणारा पोरगा हाताचा वेगवान आहे. फोटो, सही आणि गुणपत्रिका संकेतस्थळ मागेल तेवढ्या केबीत बसवून देतो, आणि बसवताना अक्षरं पुसट होऊ देत नाही. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हाताची सावली पडते, लॅमिनेशन चकाकतं, विद्यापीठाचा शिक्का नेमका त्याच जागी गायब होतो आणि पडताळणीत कागद परत येतो. इथे सपाट काचेचा स्कॅनर आहे आणि लॅमिनेशन केलेला कागद तो थोडा तिरपा धरून स्कॅन करतो. इन्व्हर्टर असल्यामुळे लाइन गेली तरी अर्धवट भरलेला फॉर्म उडत नाही. फॉर्म भरायचे दोनशे रुपये, प्रिंट पाच रुपये पान. दर बोर्डावर लिहिलेले नाहीत, तेव्हा बसण्याआधीच विचारून घ्यावेत.

पहिली चूक होते ती परीक्षा निवडताना. राज्याच्या सीईटी सेलच्या यादीत बी.एड., एम.एड., बी.पी.एड., एम.पी.एड. आणि तीन वर्षांची एकत्रित बी.एड.-एम.एड. अशी सारखी दिसणारी नावं जवळजवळ असतात. दोन वर्षांच्या एम.एड.ला बी.एड. (किंवा प्राथमिक शिक्षणाची बी.एल.एड. पदवी, किंवा पदवीसह डी.एल.एड. ही पदविका) लागतं आणि त्यात खुल्या वर्गाला किमान ५० टक्के. तीन वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाला बी.एड. लागत नाही, पण ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी लागते. एम.ए. मराठी झालेल्या मुलीला बी.एड.ही असेल तर दोन्ही दारं उघडी असतात. नुसती बी.ए., बी.एड. असेल तर एकत्रितवर टिचकी मारली की फी गेली. सेंटरवाला नाव वाचून टिचकी मारतो, पात्रता वाचत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणंही चूकच.

एम.ए. एज्युकेशन आणि एम.एड. एकच, असं तो छातीठोकपणे सांगतो. एकच नाही. एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या नियमांखालचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. एम.ए. एज्युकेशनला बी.एड. लागत नाही, कोणताही पदवीधर तो करू शकतो. शिक्षणशास्त्राची नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, दोघांनाही देता येते. बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर २०१४ च्या नियमांनुसार शिक्षणशास्त्राचे मूलभूत विषय शिकवायला सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. चालतं, किंवा एम.ए. एज्युकेशन आणि बी.एड. चालतं. दोन्ही वाटांत प्रत्येक पदवीला ५५ टक्के. म्हणजे बी.एड.ला ५२ टक्के असलेल्याला दुसरी वाट बंद आहे. हे फॉर्म भरण्याआधी घरी बसून ठरवायचं, काउंटरवर मागे रांग उभी असताना नाही.

भिंतीवर एक फ्लेक्स आहे: ‘घरबसल्या एम.एड., फक्त परीक्षेला या’. या एका गोष्टीसाठी सेंटरचे गुण सरळ कापले. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत दूरस्थ बी.एड.ची तरतूद आहे, दूरस्थ एम.एड.ची नाही. नियमित एम.एड.ला वर्षाला २०० कामाचे दिवस, तासांना आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून, रजा न घेता हे जमवून देतो म्हणणारा एजंट तुम्हाला कागद देईल, पण तो कागद पुढे सेवापुस्तिकेत नोंदवताना किंवा मुलाखतीत उघडा पडतो. नोकरी सोडता येत नसेल तर एम.ए. एज्युकेशन दूरस्थ पद्धतीनं करावं. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं आहे, त्याचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे.

आता काउंटरवरचा नेहमीचा संवाद.

“ताई, कॅटेगरी ओबीसी टाकू ना? नॉन क्रिमिलेअर आहे?”

“काढायला टाकलं आहे, दादा.”

“मंग टाकून देतो. मांगून पाहू.”

हे ‘मांगून पाहू’, म्हणजे ‘नंतर बघू’, सगळ्यात महागात पडतं. प्रवर्गाचा दावा केला आणि पडताळणीच्या मुदतीत कागद लागला नाही, तर अर्ज खुल्या वर्गात जातो. खुल्या वर्गासाठी ५० टक्के लागतात आणि आपले ४७ असले, तर थेट अपात्र. पावतीवर भागतं की नाही, कोणत्या कागदाला किती मुदतवाढ, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पीडीएफ मोबाइलवर घेऊन ‘प्रमाणपत्रे’ हा भाग वाचूनच काउंटरवर जावं.

कागदांचा क्रम उलटा धरला की उन्हाळा पुरत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, जातीचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर उपविभागीय अधिकारी. म्हणजे अर्ज समोरच्या सेंटरवरून गेला तरी सही दुसऱ्या तालुक्याच्या गावी अडकलेली असू शकते. नॉन क्रिमिलेअरवरची ‘३१ मार्चपर्यंत वैध’ ही ओळ बघा. प्रवेशाचं वर्ष संपेपर्यंतची तारीख हवी, मागच्या वर्षीचं जुनं प्रमाणपत्र जोडणं ही दरवर्षीची रड आहे. एससी, एसटीला नॉन क्रिमिलेअर लागत नाही, तरी सेंटरवाला सवयीनं मागतो. जात वैधता नसेल तर ती सगळ्यात आधी टाका. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखिलखारीज उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल मिळवायलाच चकरा होतात. आदिवासी उमेदवारांची समिती वेगळी, ती जिल्हा जात पडताळणी समिती नव्हे. गडचिरोलीच्या मुलानं चुकीच्या कचेरीत फाइल देऊन महिना घालवू नये.

गुण भरताना सेंटरवाल्यावर नजर ठेवा. बी.एड.चे चार सेमिस्टर असतात आणि तो हाताला लागलेल्या शेवटच्या गुणपत्रिकेवरचेच गुण टाकून मोकळा होतो. माहितीपुस्तिका सगळ्या सेमिस्टरची बेरीज मागत असेल तर कागदावर बेरीज करून न्यावी: मिळालेले गुण, एकूण गुण, टक्के, तीन ओळी. सीजीपीए असेल तर गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं रूपांतराचं सूत्र किंवा विद्यापीठाचं पत्र सोबत हवं. ९.५ नं गुणून टाकायची सेंटरवरची पद्धत सगळ्या विद्यापीठांना लागू नाही.

नावाचा घोळही इथलाच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, आणि लग्नानंतर आधार बदललेलं पण बी.एड.ची पदवी माहेरच्या नावावर. सेंटरवाला सगळीकडे आधारवरचं नाव चिकटवतो. फॉर्ममध्ये त्या चौकटीखाली कोणत्या कागदाप्रमाणे नाव हवं ते लिहिलेलं असतं, तेच टाकावं, आणि नाव बदललेल्यांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवावं.

या सेवेतली सगळ्यात मोठी खोट मात्र टायपिंगची नाहीच. ई-मेल आणि मोबाइल नंबर यांची आहे. घाईत सेंटरवाला स्वतःचा ई-मेल टाकतो, कधी नंबरही. ‘तुमाले कायले त्रास’, असा भला विचार असतो त्यात. मग प्रवेशपत्र, हरकतीची मुदत, कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीत लागलेलं कॉलेज, सगळे संदेश त्याच्या मोबाइलवर, आणि तिथे दोनशे पोरांचे संदेश एकावर एक. कॅपचा काळ जून-जुलैच्या पुढे येतो. पश्चिम विदर्भात तेव्हा पेरणीची, नंतर डवरणीची घाई, पूर्व विदर्भात धानाची रोवणी. त्या दिवसांत सेंटरवर पीक विम्याची झुंबड असते. दोन दिवसांची हरकतीची मुदत निघून गेली तर तो आठवण करून देणार नाही. तेव्हा ई-मेल स्वतःचा, नंबर स्वतःचा, पासवर्ड स्वतः टाकलेला आणि वहीत लिहिलेला. यावर तडजोड नको.

इग्नूच्या अर्जात हेच दुखणं आणखी वाढतं. दूरस्थ अभ्यासक्रमाला आता यूजीसीचा डेब आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. त्यासाठी आधी डिजिलॉकर, त्यातून एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक), मग डेब आयडी आणि मग इग्नूचा फॉर्म. पहिली पायरी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीनं उघडते. आपल्याकडे घरात एकच नंबर सगळ्यांच्या आधारला जोडलेला असतो आणि ते सिम भावाजवळ, भाऊ पुण्याला कंपनीत. तो दुपारच्या पाळीत असला की इकडे ओटीपीची मुदत संपते. नंबर बदलणं या सेंटरवर होत नाही, ते आधार केंद्रावर होतं. पोस्टमनकडूनही ते होतं, टपाल कचेरीत विचारावं. या सेंटरला डेब आयडीची पायरी माहीत होती, ही जमेची बाजू.

राज्याबाहेरच्या किंवा केंद्रीय विद्यापीठांच्या अर्जाला हे सेंटर वापरू नये असं मत आहे. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय जवळ असलं तरी ते केंद्रीय आहे. तिथला रस्ता राज्याच्या कॅपमधून जात नाही, विद्यापीठाची स्वतःची सूचना पाहावी लागते. सीयूईटी-पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, फॉर्म इथे भरून मिळतो, पण ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा, हे विचारल्यावर ‘निगेटिव्ह नाही’ असं उत्तर मिळालं. राज्याच्या बी.एड. सीईटीला वजा गुण नसतात, त्यातून झालेला गोंधळ. बेंगळुरू आणि भोपाळच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात एम.ए. एज्युकेशन आहे, गरजेप्रमाणे आर्थिक मदतही मिळते. अशा ठिकाणी लेखी उत्तरं आणि मुलाखत यांना वजन असतं. सेंटरच्या पेनड्राइव्हमध्ये ‘मला शिक्षक का व्हायचे आहे’ या नावाची एक तयार फाइल आहे, ती कोणालाही चिकटवली जाते. ‘शिक्षण ही समाजाची पायाभरणी’ छापाची ती वाक्यं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा कापूस वेचणीच्या दिवसांत पाचवीच्या वर्गाची हजेरी कशी घसरते, त्यावर शाळेनं काय केलं, काय जमलं नाही, किंवा घरी माडिया बोलणारं मूल मराठी पुस्तकापुढे कुठे अडतं, हे दहा साध्या ओळींत लिहिलं तर पुढे मुलाखतीत बोलायलाही काही उरतं.

कॉलेजचा पसंतीक्रमही स्वतः लावा. सेंटरवाला यादी वरून खाली उतरवतो. सकाळच्या एस.टी.नं रोज जाणं-येणं जमतं का, वसतिगृह आहे का, एनसीटीईची मान्यता चालू आहे का, हे बघूनच क्रम. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत भरू नये. आणि ‘कॅप कायले, मॅनेजमेंटमधून करून देतो’ या वाक्यापासून सावध राहावं, कारण राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्ती आणि शुल्क-प्रतिपूर्तीच्या योजना बहुतेक कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळतात. त्या पैशांसाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. नुसतं केवायसी झालेलं पुरत नाही. बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झालं का’ असं स्पष्ट विचारा.

पैसे भरताना खात्यातून कटले आणि स्क्रीनवर ‘पेंडिंग’ दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. थोड्या वेळानं पुन्हा लॉग इन करून स्थिती बघा. यूपीआय स्वतःच्या मोबाइलवरून करा, म्हणजे परतावा आलाच तर तो आपल्याच खात्यात येतो.

दुकान सकाळी नऊला उघडतं, आठवडी बाजाराच्या दिवशी बसायला जागा नसते. शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात दुपारी अडीच-तीनला गर्दी कमी असते, तेव्हा जावं. सबमिटआधी फॉर्मची कच्ची प्रिंट मागून लाल पेनानं तपासावी. पोरगा जरा तोंड वाकडं करतो, पण देतो. उठताना पावती आणि भरलेल्या फॉर्मची पीडीएफ स्वतःच्या ई-मेलवर पाठवून घ्यावी, ब्राउझरमधून लॉग आउट करवून घ्यावं आणि डेस्कटॉपवर राहिलेली आधार-गुणपत्रिकेची फाइल डिलीट झाली का ते समोर उभं राहून पाहावं. मूळ कागद मोजून परत घ्यावेत. स्कॅनरच्या काचेखाली टी.सी. राहून गेल्याची चौकशी करायला इथे रोज कोणी ना कोणी येतंच.