जुनी डिझेल पिकअप: काही महिने गावाकडच्या रस्त्यांवर वापरल्यानंतर

इंजिनबद्दल सगळेच विचारतात, म्हणून ते आधी उरकतो: इंजिन ठणठणीत आहे. जुना यांत्रिक डिझेल पंप, सेन्सरची भानगड नाही. टाकी कोरडी होऊन लाइनमध्ये हवा धरली, तर हवा बाहेर सोडायचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, फिल्टरवरचा हातपंप मारायचा, की गाडी चालू. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येतो, तापल्यावर जातो. निळा धूर राहिला असता तर काळजी. तो ऑइल जळत असल्याचा.

पैसे जातात ते खालच्या बाजूला. स्वस्तातली पिकअप बघायला जाल तर बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली शिरा. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे अडकवलेले असतात, तिथे हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला, पापुद्रे गळले, तर फुकट मिळाली तरी नको. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेल्या चासीला वेल्डिंग म्हणजे नुसती मुदतवाढ. खत वाहिलं की त्याच दिवशी हौदा धुवा, खतातले क्षार पत्रा खातात. पाट्यांच्या पिनांना आणि मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या जॉइंटच्या क्रॉसला वरचेवर ग्रीस, पाण्यातून गाडी काढली असेल तर लगेच.

टायरचं वय नक्षीवरून ओळखू नका. बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला कोरे आणि आतून वाळलेले असतात.

रिकामी चालवायला ही गाडी वाईट आहे, सरळ सांगतो. पाटे वजनासाठी बनवलेले, त्यामुळे खड्ड्यात मागची बाजू उडते. जोर मागच्या चाकांना आणि वजन पुढे, म्हणून ओल्या मातीत चाकं जागीच फिरतात. जोरात ब्रेक दाबला तर मागचा भाग आडवा व्हायला बघतो. मी मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वाळूची पोती घट्ट बांधून ठेवतो, फरक लगेच कळतो. बेताचा माल भरला की हीच गाडी शहाण्यासारखी चालते.

आणि हो, पिकअप घेतलीत की ओळखीतल्या प्रत्येकाला काहीतरी हलवायचं असतं. गाडी द्या, पण भरताना स्वतः उभे राहा. परवा एकाने पाटे पार सरळ होईपर्यंत माल भरला आणि वर म्हणाला, “स्टिअरिंग किती हलकं आहे हो!” हलकं असणारच, पुढच्या चाकांवर वजनच उरलं नव्हतं.